लता मंगेशकर : कारकीर्द आणि उच्चारसाधना

लता मंगेशकर (१९२९–२०२२) यांची कीर्ती केवळ कंठमाधुर्यावर उभी होती, असे मानणे अपुरे ठरते. मराठी चित्रपटसृष्टीत १९४२ साली आरंभ करून त्या हिंदी पार्श्वगायनाकडे वळल्या, तेव्हा मराठी गायिकेस उर्दू उच्चार कितपत साधतील, अशी शंका दिलीपकुमार यांनी बोलून दाखविली. तीस भाषिक आधार होता. लासलगावचा मराठी भाषक 'जमीन' या शब्दाचा आरंभ दंततालव्य अर्धस्पर्शाने करतो. उर्दूत तेथे निव्वळ घर्षक ध्वनी असतो. 'ख' व 'ग' यांची घर्षक रूपे तर मराठीत नाहीतच. म्हणजे अडचण कंठाची नसून मातृभाषेच्या वर्णव्यवस्थेची होती. म्हणूनच ती अभ्यासाने दूर होणे शक्य होते. लताबाईंनी मौलवींकडे उर्दूचे धडे घेतले. पुढे 'महल'ने (१९४९) त्यांचा स्वर देशभर पोहोचविला. १९७४ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्या गायिल्या.

ईजिप्तच्या उम्म कुलसूम यांचे उदाहरण येथे उद्‌बोधक आहे. बालपणीच्या कुराणपठणातून घडलेली त्यांची स्पष्ट अरबी वाणी साऱ्या अरब जगाने मानली. १९६७ मध्ये पॅरिसनेही ती ऐकली. तथापि त्यांनी स्वभाषेचे वैभव जगास ऐकविले, तर लताबाईंनी परक्या भाषेचे ध्वनी प्रथम आत्मसात केले. गायनाच्या इतिहासात या श्रमाची स्वतंत्र नोंद व्हावयास हवी.