दहावीनंतर हातात कौशल्य: सातारा-सांगलीच्या मुलामुलींसाठी

• आयटीआय : वयाची किमान 14 वर्षे पूर्ण हवीत. फिटर, इलेक्ट्रिशियन 2 वर्षे. वेल्डर 1 वर्ष. बहुतेक व्यवसायांना दहावी लागते, काहींना आठवीही चालते. फिटरच्या वर्गात सुरुवातीचे दिवस कानशीचेच: व्हाइसमध्ये पोलादी तुकडा धरायचा, घासायचा, गुण्या लावून काटकोन पाहायचा, फट दिसली की पुन्हा घासायचा. शेरा मापावर मिळतो.

• पदविका (पॉलिटेक्निक) : दहावीनंतर 3 वर्षे. कराड आणि मिरज इथे शासकीय तंत्रनिकेतने आहेत. आयटीआयची 2 वर्षे पूर्ण केलेल्यांना थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची वाट आहे. पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षात जाता येते.

• फरक लक्षात घ्या : आयटीआय यंत्र हाताळणारा कारागीर घडवते, पदविकेत गणित, आरेखन आणि सिद्धान्ताचा वाटा मोठा.

• द्विलक्ष्यी (बायफोकल) : अकरावी-बारावीत 200 गुणांचा व्यवसाय विषय. इलेक्ट्रॉनिक्स, संगणकशास्त्र वगैरे. बारावीचा मार्ग सुटत नाही.

• शिकाऊ उमेदवारी : कायदा 1961 चा. कारखान्यात प्रत्यक्ष काम, सोबत विद्यावेतन.

• मागचा वारसा : कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कराड तालुक्यातील काले इथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, 'कमवा आणि शिका' ही तिची ओळख. त्याआधी 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय 1947 चे.