गुण मिळाले, पण समजले का?

मोठा मालट्रक आणि छोटी मोटार समोरासमोर धडकली, तर कोण कोणावर जास्त बल लावते? बहुतेक जण ट्रकचेच नाव घेतात. पण दोन्ही बले सारखीच असतात. मोटारीचे वस्तुमान कमी, म्हणून तेवढ्याच बलाने तिचा वेग अधिक बदलतो आणि आतल्या माणसांना जास्त हिसका बसतो. न्यूटनचा तिसरा नियम घडाघडा म्हणणारा विद्यार्थीही इथे चुकतो.

अशाच प्रश्नांची एक चाचणी डेव्हिड हेस्टनीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केली. 'फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी' हे तिचे नाव. १९९५ च्या आवृत्तीत ३० प्रश्न आहेत. आकडेमोड नाही, सूत्रे नाहीत. प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय, आणि चुकीचे पर्याय मुलांच्या मनातल्या समजुतींवर बेतलेले. हार्वर्डच्या एरिक मेझर यांनी अशा प्रश्नांची चाचणी वर्गात दिली, तेव्हा वर्गातूनच प्रश्न आला : तुम्ही शिकवले तसे उत्तर द्यायचे, की आम्हाला खरे वाटते तसे?

रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये सहा हजारांवर विद्यार्थ्यांचे निकाल मांडले. सुरुवातीला जे येत नव्हते, त्यापैकी नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांत सरासरी २३ टक्के आले. चर्चा आणि कृती असलेल्या वर्गांत ४८ टक्के.

मग आकलन मोजता येते तर! माझ्या मते, अर्धेच. चुकीचे उत्तर बोलके असते. वर फेकलेल्या चेंडूवर हाताचे बल अजून चालूच आहे, असे जो मानतो, त्याची समजूत त्याने निवडलेल्या पर्यायातून कळते. बरोबर उत्तराचे तसे नाही. ते समजून आलेले असेल, पाठ केलेले असेल, किंवा पाचांतून एक अंदाजाने लागलेले असेल. चाचणीचे प्रश्नच शिकवणीत घोटून घेतले, की गुण वाढतात. समज वाढेलच असे नाही. म्हणूनच या चाचणीची उत्तरे जाहीर करू नयेत, असा शिक्षकांचा आग्रह असतो.

तेव्हा चाचणी जरूर घ्यावी, पण तिला निकाल समजू नये. संभाषणाची सुरुवात समजावी. मुलाने बरोबर पर्यायावर खूण केली, तरी लगेच पुढे जाऊ नका. उरलेले चार पर्याय का चुकले, तेही त्याला विचारा.