दानाची रीत – लेखांक ६ : शंभराची नोट आणि नव्वद दिवस

मागच्या लेखांकात आपण मिझोराममधल्या चुलीपाशी होतो. शिजवायला घेतलेल्या तांदळातली एक मूठ बाजूला काढायची आणि साठलेला तांदूळ मंडळीच्या कामाला द्यायचा, ही तिथल्या बायकांनी १९१० पासून जपलेली रीत. त्या रीतीत दान घरातून चर्चकडे जातं. आजच्या रीतीत पैसा आधी उलटा निघतो, चर्चच्या तिजोरीतून माणसांच्या हातात.

नोव्हेंबर २००० मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोस्ट हिल्स चर्चमध्ये पाळक डेनी बेलेसी यांनी उपासनेच्या वेळी शंभर जणांना पुढे यायला सांगितलं. कशासाठी, हे सांगितलं नव्हतं. आलेल्या प्रत्येकाच्या हातावर त्यांनी शंभर डॉलर ठेवले. एकूण दहा हजार. अटी तीनच. हा पैसा देवाचा आहे, तुमचा नाही. तो देवाच्या कामासाठी गुंतवायचा. आणि नव्वद दिवसांनी परत येऊन काय केलं ते सांगायचं. बेलेसी पतिपत्नींनी त्यावर पुस्तक लिहिलं आणि ही कल्पना इतर अनेक चर्चमध्ये गेली. तरुणांच्या गटांना तर ती फारच मानवली. त्यांच्याकडे रक्कम लहान असते, दहा-वीस डॉलर, पण उमेद आणि शनिवारची मोकळी सकाळ भरपूर.

मुळाशी आहे मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायातला दृष्टांत. परदेशी निघालेला धनी तीन दासांवर आपला पैसा सोपवतो. दोघे व्यापार करून तो दुप्पट करतात, तिसरा भीतीपोटी जमिनीत पुरून ठेवतो आणि धन्याचा रोष ओढवून घेतो. त्या काळचा एक तालांत म्हणजे सहा हजार दिनार, आणि दिनार ही मजुराची दिवसाची मजुरी. म्हणजे पुरलेली रक्कम जवळजवळ वीस वर्षांच्या कमाईची होती. ‘थोडक्याचं मोल जाणा’ असा या गोष्टीचा अर्थ लावला जातो, पण धन्याने टाकलेला विश्वास थोडका नव्हता. पंधरा वर्षांच्या मुलीच्या हाती चर्चने पन्नास डॉलर दिले आणि ‘कसे वाढवायचे ते तू ठरव’ असं म्हटलं, तर तिला वजन पन्नासाचं जाणवत नाही, ‘तू ठरव’चं जाणवतं. वर्गणी मागायला पाठवलेल्या मुलाला हे कधी कळत नाही.

प्रत्यक्षात काय घडतं? समजा, पाच मुलांच्या गटाला पन्नास डॉलर मिळाले. अमेरिकेत सर्वांत रुळलेला उद्योग म्हणजे मोटारी धुणं. चर्चचं वाहनतळ मोठं, पाणी तिथलंच, भाडं नाही. बादल्या, स्पंज, साबण आणि रस्त्यावर धरायचा फलक यांत अर्धे पैसे जातात. गडद रंगाच्या गाडीवर उन्हात साबण वाळला की डाग राहतात, हे पहिल्याच तासात कळतं. मग एकाने धुवायचं आणि दुसऱ्याने लगेच पुसायचं, अशी जोडी लागते. दर बहुधा ठरलेला नसतो, लोक इच्छेने देतात. उरलेल्या पैशांत मैदा, लोणी, साखर येते आणि पुढच्या रविवारी उपासनेनंतर बिस्किटं विकली जातात. पैसा पुन्हा कामाला लावणं ते इथे शिकतात.

इथे मला एक आग्रह धरावासा वाटतो. आईच्या फडताळातला मैदा आणि वडिलांच्या गाडीचं पेट्रोल हिशेबात लिहिलंच पाहिजे. ते न लिहिता ‘पन्नासाचे पाचशे केले’ असं सांगणं खरं नाही, आणि हिशेब खरा असणं हाच तर या शिक्षणाचा गाभा. शिवाय गिऱ्हाईक जर चर्चमधलीच कुटुंबं असतील, तर पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला, एवढंच. गट चर्चच्या फाटकाबाहेर पडला, तरच त्याची खरी परीक्षा.

आणि पाऊस पडला तर? गाडी आलीच नाही तर? दृष्टांतात व्यापार करून बुडालेला दास नाही. पण तरुणांच्या गटांत तो असणारच. त्यालाही नव्वद दिवसांनी सगळ्यांसमोर उभं राहून बोलता आलं पाहिजे आणि मंडळीने त्याचंही तितक्याच आदराने ऐकलं पाहिजे. नाहीतर पुढच्या वर्षी सगळेच नोट पुरून ठेवतील.

जमलेला पैसा कुठे द्यायचा, हेही मुलांनीच ठरवावं. १९९० मध्ये दक्षिण कॅरोलिनातल्या कोलंबिया शहरातल्या स्प्रिंग व्हॅली प्रेस्बिटेरियन चर्चच्या तरुणांनी अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या रविवारी भुकेल्यांसाठी दान गोळा करायचं ठरवलं. दाराशी सूपची भांडी धरून ते उभे राहिले. शहरातली बावीस चर्चेस त्यात सामील झाली आणि ५,७०० डॉलर जमले. तिथे बीजभांडवल नव्हतं, पण एक नियम मोलाचा होता : प्रत्येक गटाने आपली रक्कम आपल्याच गावातल्या संस्थेला थेट द्यायची. संस्थेला आधी विचारलं, तर वेगळंच उत्तर मिळतं. मुलांना डबाबंद अन्न विकत घेऊन द्यायचं असतं, तर अन्नपेढीला रोख रक्कम हवी असते, कारण घाऊक दराने ती त्याच पैशांत कितीतरी जास्त अन्न आणते.

आपल्या मराठी मंडळ्यांत कापणीच्या सणाचा लिलाव असतो. भोपळा, कोंबडी, अंडी बाजारभावाच्या कितीतरी पट बोलीने जातात आणि तरुण संघाची मुलं दिवसभर राबतात. पण पैसा कुठे लावायचा, यात त्यांना विचारतं कोण? यंदाच्या लिलावातले फक्त पाच हजार रुपये त्यांच्या हाती द्यावेत, एक वही द्यावी आणि नाताळच्या आधीचा एक रविवार हिशेबासाठी राखून ठेवावा. खजिनदारांनी त्या दिवसापर्यंत वहीत डोकावू नये.

(पुढील लेखांकात : गुरुद्वारातला लंगर आणि त्याचा रोजचा शिधा)