तरुणांसाठीं रंग कोणते घ्यावे?

महाविद्यालयांत जाणारीं मुलें ज्या घरीं आहेत, तेथें हा प्रसंग पुष्कळदां येतो. मतदार-नोंदणीचें भित्तिपत्रक करावयाचें असतें; मजकूर ठरतो, चित्र ठरतें, आणि गाडें रंगांपाशीं अडतें. वडील मंडळी म्हणतात, "तरुणांना भडक रंगच आवडतात." हें मत आम्हांस पटत नाहीं. कां, तें फुलंब्रीच्या उदाहरणानें सांगतों.

छत्रपती संभाजीनगराहून अजिंठ्यास जाणाऱ्या रस्त्यावरील हें तालुक्याचें गांव. विधानसभेचा मतदारसंघहि याच नांवाचा. येथें भिंतीवर पत्रक लागलें कीं पाहणारा प्रथम विचारतो, "हें कोणत्या पक्षाचें?" भगवा घ्यावा तर एकाचें, निळा घ्यावा तर दुसऱ्याचें, हिरवा घ्यावा तर तिसऱ्याचें. असा ग्रह होऊन अठरा वर्षांची मुलगी न वाचतांच पुढें गेली, तर तिची नोंदणी राहिली आणि मतहि गेलें. एकविसाव्याऐवजीं अठराव्या वर्षीं मताचा अधिकार देणारी ६१ वी घटनादुरुस्ती १९८९ मध्यें अमलांत आली. तो अधिकार एका रंगापायीं वायां जाऊं नये.

मग कोणत्याच पक्षाचा न वाटणारा रंग कोणता? आमच्या मतें तो मतदाराच्या बोटावरच आहे. म्हैसूर येथील सरकारी कारखान्यांत तयार होणारी ती जांभळी शाई १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून वापरांत आहे. तींत सिल्व्हर नायट्रेट असतें. त्यामुळें उजेड लागतांच डाग काळपट होतो व दिवसेंदिवस जात नाहीं. मत दिलेल्या प्रत्येकाचा, मग तो कोणत्याहि पक्षाचा असो, हा समाईक रंग होय.

त्याच्या जोडीस पिवळ्या मातीचा रंग घ्यावा. याच रस्त्यानें पुढें गेल्यावर अजिंठ्याच्या लेण्यांत तो भिंतींवर दिसतो. जांभळा व पिवळा हे परस्परविरोधी रंग असल्यानें एकाशेजारीं दुसरा खुलतो. शिवाय ज्यांस लाल व हिरवा यांतील भेद नीट दिसत नाहीं, त्यांसहि ही जोडी ओळखूं येते. मात्र पांढऱ्यावर पिवळीं अक्षरें काढूं नयेत. तीं दुरून दिसतच नाहींत. पांढऱ्या कागदावर गडद जांभळीं अक्षरें, आणि खालीं पिवळा पट्टा, एवढें पुरे. त्या पट्ट्यावर वयाच्या पात्रतेच्या चार तारखा जांभळ्या अक्षरांत द्याव्या: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर. पूर्वीं १ जानेवारी ही एकच तारीख होती; १९२२ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २०२२ पासून, हा बदल झाला, व तो अनेक घरांत अजून ठाऊक नाहीं.

शेवटीं एक परीक्षा. पत्रकाचें छायाचित्र भ्रमणध्वनीवर घेऊन त्यांतील रंग काढून टाकावे. नुसत्या काळ्या-करड्या छटांतहि अक्षरें स्वच्छ वाचतां आलीं, तर निवड साधली. ही परीक्षा मुलांनाच करूं द्यावी. त्यांना काय आवडतें याचे तर्क आपण करीत बसण्यापेक्षां, पत्रक भिंतीस लावून, "दहा पावलांवरून काय वाचलेंस?" एवढेंच वडिलांनीं विचारावें.