तंजावरची घडीव तोफ

तंजावरला गेलेला मराठी प्रवासी बहुधा दोन गोष्टी पाहून परततो : बृहदीश्वराचे देऊळ, त्यातील सरफोजीराजांनी १८०३ साली कोरविलेला भोसले कुळाचा मराठी शिलालेख, आणि सरस्वती महाल ग्रंथालय. शहराच्या पूर्वेला जुन्या तटावर एक प्रचंड लोखंडी तोफ उघड्यावर पडून आहे. तिकडे त्याची पावले क्वचितच वळतात. त्या उंचवट्याला तमिळ लोक ‘बीरंगी मेडु’ म्हणतात. मेडु म्हणजे टेकाड, बीरंगी म्हणजे तोफ. हा शब्द ‘फिरंगी’चाच भाऊ, तमिळांनी तो तोफेला दिला, मराठ्यांनी तलवारीला.

तोफ रघुनाथ नायकाच्या काळातील, म्हणजे सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातील. पुढे त्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तंजावरात भोसल्यांची गादी स्थापिली. तोफेची लांबी सुमारे साडेसात मीटर, वजन अंदाजे २२ टन. परंतु तिचे नवल आकारात नाही. विजापूरची मुलूखमैदान तिच्याहून कितीतरी भारी आहे. मात्र ती १५४९ साली अहमदनगरला मिश्रधातूचा रस साच्यात ओतून केलेली. तंजावरची तोफ ओतीव नव्हे, घडीव आहे. कानपूरच्या धातुशास्त्रज्ञांनी एकविसाव्या शतकाच्या आरंभी तिची मापे घेऊन हे निश्चित केले.

तांबे व कथील यांचे मिश्रण हजार अंशांच्या आसपास वितळते. शुद्ध लोखंडाला पंधराशेहून अधिक अंश लागतात. कोळसा आणि भाता यांवर चालणाऱ्या जुन्या देशी भट्टीत एवढी आच होत नसे. दक्षिणेत पुष्कळ ठिकाणी ओढ्यांतील काळी लोहयुक्त वाळू गोळा करून भट्टीत घालीत. तिच्यातून निघे तो रस नव्हे, तर मळीने भरलेला सच्छिद्र गोळा. तो पुनःपुन्हा तापवून ठोकावयाचा, तेव्हा मळी गळून कामाचे लोखंड हाती येई. एका खेपेला दहा किलो लोखंड मिळाले असे धरले, तरी या एका तोफेसाठी २,२०० खेपा झाल्या!

मग तोफ घडली कशी? लाकडी पिंपाच्या फळ्या उभ्या लावाव्यात, तशा लोखंडाच्या लांब पट्ट्या एकमेकींशेजारी बसवून आतील नळी केली. तिच्यावर लालभडक तापलेली कडी एकापुढे एक चढवून घणांनी ठोकली. खेड्यातील लोहाराला बैलगाडीच्या चाकावर धाव चढविताना ज्यांनी पाहिले असेल, त्यांना यातील मर्म लगेच कळेल. तापलेली धाव सैल असते. निवताना आवळते आणि लाकडाला घट्ट धरून बसते. येथे लाकडाच्या जागी लोखंडच होते, आणि कडे गार होण्यापूर्वी ते जागेवर नेऊन घाव घालावयाचे होते. एवढ्या वजनाचा जिन्नस अंगावर आग घेऊन फिरविणारे हात किती असतील, याचा अदमास ज्याने त्याने करावा. त्या लोहारांपैकी एकाचेही नाव आज कोणाला ठाऊक नाही. तोफेजवळ गेले की तिच्या अंगावर कड्यामागून कडे गेलेल्या रेषा अजून स्पष्ट दिसतात.