नजरेचा शिंपला, नजरेचा शत्रू!

आपल्या छत्रपती संभाजीनगरपासून समुद्र चांगलाच लांब. तरीही आपल्याकडच्या वैद्यांच्या औषधांत समुद्र असतो बरं का! शंखभस्म शंखापासून, कपर्दिक भस्म कवड्यांपासून आणि शौक्तिक भस्म शिंपल्यांपासून बनतं. आजोबांच्या औषधांच्या कपाटात शंखवटीची बाटलीही सापडेल. पण दगडासारखा टणक शंख पोटात जाऊन करतो तरी काय?

चीनचा ‘दगडी टाकळा’

अशी औषधं फक्त आपल्याकडेच आहेत असं नाही. चिनी वैद्य अबॅलोन नावाच्या समुद्री गोगलगाईचं कवच वापरतात. हे कवच माणसाच्या कानासारखं दिसतं. कडेला भोकांची ओळ असते. श्वासासाठी आत घेतलेलं पाणी त्यातून बाहेर पडतं. बाहेरून ओबडधोबड, पण आतून मोरपंखासारखं निळं-हिरवं चमकणारं!

या औषधाचं चिनी नाव ‘शी च्युए मिंग’. आता गंमत ऐका. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला उगवणारा टाकळा तुम्ही पाहिला असेल, कदाचित त्याची भाजीही खाल्ली असेल. त्याच्या बियांना चिनी वैद्य ‘च्युए मिंग’ म्हणतात आणि डोळ्यांसाठी देतात. ‘मिंग’ म्हणजे उजळ, लख्ख. ‘शी’ म्हणजे दगड. म्हणजे अबॅलोनचं कवच हा झाला ‘दगडी टाकळा’! लाल झालेले डोळे, अंधूक नजर, चक्कर, डोकेदुखी यांवर ते देतात. ली शिझेन या वैद्याच्या १५९६ साली छापल्या गेलेल्या प्रचंड औषधिग्रंथातही त्याची नोंद आहे.

आपलं शंखभस्म

शंख आधी लिंबाच्या रसात किंवा कांजीत उकडून शुद्ध करतात. मग त्याचे तुकडे मातीच्या दोन परळांमध्ये बंद करतात, वरून कापड आणि मातीचा लेप देतात आणि गोवऱ्यांच्या आगीत भाजतात. झालेलं भस्म चिमटीत चोळलं की ते बोटांच्या रेषांत शिरलं पाहिजे. पाण्यावर अलगद टाकलं तर तरंगलं पाहिजे. सूक्ष्मदर्शक नसतानाची ही परीक्षा!

शंख, कवडी, शिंपला, अबॅलोन या सगळ्यांत मुख्य पदार्थ एकच, कॅल्शियम कार्बोनेट. आपल्या जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. कॅल्शियम कार्बोनेट त्याला शमवतं. म्हणूनच औषधांच्या दुकानातल्या अॅसिडिटीच्या अनेक गोळ्यांतही तेच असतं. आंबट ढेकरांवर शंखाचं औषध देणाऱ्या जुन्या वैद्यांचं निरीक्षण पक्कं होतं, नाही का?

पण म्हणून कवचाने नजरही सुधारते, असं म्हणता येईल का? त्याला आधुनिक चाचण्यांचा भक्कम पुरावा नाही. एक गुण खरा निघाला म्हणून सगळेच गुण खरे होत नाहीत. प्रत्येक दाव्याची परीक्षा वेगळी!

तोच शिंपला, पण चुना!

आता हेच कवच भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजा. त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि उरतो कळीचा चुना. त्यावर पाणी टाकलं की तो फसफसतो, तापतो आणि विरतो. असा विरलेला चुना भिंतीवर लावला, की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड पुन्हा शोषून हळूहळू दगड बनतो. आपल्या बीबी का मकबऱ्याच्या पांढऱ्या गिलाव्यात चुन्याचीच करामत आहे.

भिंतीवर गुणी असलेला हा चुना डोळ्यांत मात्र भयंकर! पान-तंबाखूसाठी चुन्याच्या छोट्या पुड्या आणि ट्यूब मिळतात. घरात पडलेली अशी पुडी मुलं खेळताना दाबतात, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यांत उडतो. भारतातल्या नेत्रतज्ज्ञांनी अशा अपघातांची नोंद केली आहे. चुना तीव्र अल्क असतो. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात तो झपाट्याने शिरतो आणि नजर कायमची जाऊ शकते.

असं झालंच तर डोळा चोळायचा नाही. तूप, मध, दूध, लिंबू काहीही घालायचं नाही. लगेच नळाखाली स्वच्छ पाण्याने निदान १५ ते २० मिनिटं डोळा धुवायचा, पापण्या उघड्या धरून. मग ताबडतोब नेत्रतज्ज्ञांकडे! पाणी शोधण्यात वेळ घालवू नका, जे स्वच्छ पाणी जवळ असेल ते वापरा.

आणि आई-बाबांनो, आजोबांनो, चुन्याची पुडी मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. भस्मही वैद्यांना विचारल्याशिवाय मुलांना देऊ नका.

करून पाहा

शहाबादी फरशीचा एक फुटका तुकडा घ्या. (घरातल्या फरशीवर नको, डाग पडेल आणि आई रागावेल!) शेजारी आपला काळा दगड ठेवा. दोन्हींवर लिंबाच्या रसाचे चार थेंब टाका. शहाबादीवर बुडबुडे येतील, कारण तो चुनखडक आहे. काळा दगड बहुतेक गप्पच बसेल. शिंपला किंवा अंड्याचं कवच मिळालं तर त्यावरही रस टाकून पाहा. शंखाचं जठरात काय होतं, ते तुम्हाला डोळ्यांनी दिसेल. प्रयोग झाल्यावर हात मात्र स्वच्छ धुवा!