शेवटची तारीख विचारण्याआधी रेशन कार्ड उघडून बघा



वस्तीत आरोग्य तपासणीसाठी गेलो की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "ताई, आयुष्मान कार्डाची शेवटची तारीख कोणती?" मागे एका वस्तीत कुणीतरी "उद्या बंद होणार" असं सांगून प्रत्येक घरातून दोन-दोनशे रुपये नेले. रोजमजुरी बुडवून बाया रांगेत उभ्या राहिल्या.

खरं असं आहे की या योजनेत नाव नोंदवायला शेवटची तारीखच नाही. कार्ड वर्षभरात कधीही निघतं आणि ते मोफत आहे. मग तारखेची ही भीती आली कुठून? 2008 साली राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली, तेव्हा गावात शिबिर लागायचं आणि 30 रुपये भरून स्मार्ट कार्ड मिळायचं. शिबिर चुकलं की कुटुंब बाहेर. अमेरिकेत तर आजही स्वतःचा विमा घ्यायचा असेल, तर बहुतेकांना वर्षातल्या ठरावीक आठवड्यांतच घेता येतो. आपल्याकडे आता तसं नाही. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत एकत्र चालतात. पूर्वी यवतमाळसह 14 जिल्ह्यांतल्या शुभ्र कार्डाच्या शेतकऱ्यांना त्यात खास जागा होती. 2023 च्या निर्णयाने ती राज्यातल्या सगळ्यांना खुली झाली. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्न न बघता वेगळं वय वंदना कार्ड मिळतं.

मग लोक अडतात कुठे? आम्ही वॉर्डात ड्युटी केली आहे, तेव्हा हे रोज बघितलं. एका लेकीचं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. माहेरच्या रेशन कार्डातून नाव कमी केलेलं, सासरच्या कार्डात चढवलेलं नाही. पोटाचं ऑपरेशन ठरलं आणि ती दोन्ही घरची असून कागदावर कुठलीच नव्हती. नवरा तहसीलच्या चकरा मारत होता आणि सासूने कानातलं गहाण ठेवलं. तारीख चुकली म्हणून हे झालं नाही. एक नाव लिहायचं राहिलं, म्हणून झालं.

म्हणून घरोघरी आज एवढं बघा:

- नवी सून आणि लहान मुलं, सगळ्यांची नावं रेशन कार्डात आहेत का? नसतील तर तहसीलच्या पुरवठा विभागात अर्ज द्या.
- रेशन कार्ड आणि आधार, दोन्हींवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का?
- कार्ड माणशी वेगळं निघतं. घरात एकाचं आहे म्हणजे सगळ्यांचं झालं, असं समजू नका.
- बाळाचा जन्मदाखला लगेच काढून ठेवा.

दवाखान्यात गेल्यावर पैसे भरण्याआधी आरोग्यमित्राला भेटा. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात तो असतो. मात्र प्रत्येक खासगी दवाखाना योजनेत नसतो, म्हणून आधी विचारा. रोगी अत्यवस्थ असेल तर फोनवरून मंजुरी घेण्याची सोय आहे. कुणी पैसे मागितले किंवा परत पाठवलं, तर 155388 किंवा 14555 वर फोन करा.

तारीख पाळावी लागते ती बँकेच्या विम्याला. अपघाताच्या सुरक्षा विमा योजनेचे वर्षाला 20 रुपये आणि जीवन ज्योतीचे 436 रुपये मे अखेरीस खात्यातून आपोआप कापले जातात. विमा 1 जून ते 31 मे चालतो. आपल्याकडे मे महिन्यात शेतात काम नसतं आणि खातं रिकामं असतं. तेवढे पैसे नसले की विमा गुपचूप बंद पडतो, आणि जूनमध्ये पेरणी सुरू होऊन साप-विंचवाचे दिवस येतात. साप चावून माणूस गेला तर सुरक्षा विम्यातून 2 लाख मिळू शकतात, पण त्यासाठी दवाखान्याचा कागद लागतो. मांत्रिकाकडे नेलं तर जीवही जातो आणि पुरावाही राहत नाही.

खासगी कंपनीची पॉलिसी कधीही घेता येते, पण पहिले 30 दिवस अपघात सोडून सहसा काही मिळत नाही. आधीपासूनच्या बीपी-शुगरसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. आजार आल्यावर विमा शोधून उपयोग नाही.

बाबासाहेब 1942 ते 1946 मजूरमंत्री होते. त्याच काळात अडारकर समितीने कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा मांडला आणि पुढे 1948 चा राज्य विमा कायदा झाला. आजारपणात कामगाराने सावकाराच्या दारात जाऊ नये, हा विचार तेव्हापासूनचा आहे.

येत्या रविवारी वंदना झाल्यावर विहारातच बसू या. प्रत्येक घराने रेशन कार्ड आणि आधार आणावं. शिकलेल्या पोरापोरींनी नावं तपासावी आणि ज्यांची राहिली त्यांची यादी करावी. सोमवारी महिला मंडळाच्या दोघी-तिघींनी मिळून तहसीलला जावं. एकटीला परत पाठवतात, चौघी गेल्या की अर्ज घेतात. हा आमचा अनुभव आहे.